परत आलेलं इंजेक्शन

१

दूध करपून भांड्याचं बूड काळं झालं, करपल्याचा वास जिन्यापर्यंत पोचला, शेजारीण दार बडवायला लागली, आणि धाकटी ओट्याकडे पाठ करून खिडकीशी निवांत पेपर वाचत उभी होती. शेजारणीनेच आत घुसून गॅस बंद केला. धाकटीने वळून भांड्याकडे पाहिलं, जोरात श्वास ओढला, पुन्हा एकदा ओढला, आणि तिथेच फरशीवर बसून रडायला लागली. करपलेल्या दुधासाठी एवढं कुणी रडत नाही. शेजारणीला वाटलं, नवराबायकोत काहीतरी बिनसलंय. बिनसलं होतंच, पण ते नवराबायकोत नव्हतं.

त्याच दुपारी धाकटीने थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, वास गेला."

"कुणाचा?"

"कुणाचा काय? माझा! परत गेला."

ताई विमा कंपनीत दावे तपासते. कुणाचं गोदाम जळलं, कुणाचा ट्रक पुलावरून खाली गेला, की ही जाते, राख चिवडते आणि आग लागली होती की लावली होती ते सांगते. माणसं खोटं बोलतात याचा तिला राग नाही, आळशीपणाने खोटं बोलतात याचा आहे. तिने रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी बहिणीच्या दारात बॅग आपटली.

धाकटीच्या सायनसचं दुखणं जुनं. नाकाच्या आत पॉलिप, म्हणजे सुजलेल्या अस्तराचे द्राक्षांसारखे घड. कापले की पुन्हा धरायचे. तीन ऑपरेशनं झाली. वासाचं नाव नाही, झोपेत तोंडाने श्वास, वर दमा. डॉक्टरांचे उंबरे झिजवून घरच्यांच्या नाकी नऊ आले होते. आणि बाईसाहेबांचं काम काय, तर साबणाच्या कारखान्यात वास पारखण्याचं! देवाला विनोद करायची हौस असते ती अशी.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी बायोलॉजिक नावाचं इंजेक्शन सुरू केलं. महिन्याला एक, जाड पेनासारखं, मांडीवर टेकवून दाबायचं. गोळीतलं असतं तसलं साधं रसायन नव्हे हे. जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं प्रथिन. शरीर नाकाच्या अस्तराला उगाचच 'सूज, सूज' म्हणून हुकूम सोडत असतं, ते हुकूम हे मधल्यामध्ये अडवतं. पहिली इंजेक्शनं दवाखान्यातच दिली आणि द्राक्षं सुकली. एके सकाळी धाकटीला ओल्या टॉवेलचा कुबट वास आला. तो टॉवेल घेऊन ती घरभर नाचली आणि प्रत्येकाला तो हुंगायला लावला.

मग इंजेक्शन घरीच घ्यायची परवानगी मिळाली, खोकं घरी यायला लागलं, आणि काही महिन्यांत सगळं उलटं फिरलं. नाक चोंदलं. वास पुसट झाला आणि आता गेलाच. औषध एका योजनेतून मिळत होतं आणि योजनेचा नियम रोखठोक होता. ठरलेल्या तपासणीत नाक सुधारलेलं दिसलं तर औषध चालू, नाही तर बंद. तपासणी येत्या सोमवारी होती. परगावच्या नव्या कारखान्यातली मुख्य पारखी म्हणून धाकटीची निवड ठरल्यासारखी होती. तिची चाचणीही त्याच आठवड्यात.

"एवढं चांगलं चाललेलं औषध अचानक पाणी कसं झालं?" ताईने विचारलं. "ठेवता कुठे?"

"फ्रीजमध्ये. दुसरं कुठे? खालच्या कप्प्यात निळा डबा आहे, त्यात खोकं. त्या डब्याला इंजेक्शनच्या दिवसाशिवाय कुणी हात लावत नाही."

ताईने फ्रीज उघडला. लोण्याच्या मागे निळा डबा होता. तिने झाकण काढलं.

डबा रिकामा होता.

२

दुसरं कुणी असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. ताईने झाकण लावलं, डबा होता तसा लोण्यामागे सरकवला आणि बहिणीला डोळ्याने गप्प केलं. चोरी उघड झाली की चोर शहाणा होतो, हे ती राखेत हात घालून शिकली होती.

जेवायला बसल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "शनिवारचं इंजेक्शन आणलंय ना?"

"केव्हाच," धाकटीचा नवरा म्हणाला. "मीच बर्फाच्या पिशवीतून आणलं. फ्रीजमध्ये आहे."

"आहे की," जाऊबाई म्हणाल्या. "त्या डब्यापायी माझा अर्धा कप्पा अडलाय."

धाकटीचे सासरेही पंगतीला होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे छापलेलं दिसलं की ते वाचल्याशिवाय राहात नसत. साबणाचं वेष्टन, बसचं तिकीट, काही म्हणजे काही सोडत नसत. आत्ताही मिठाच्या पिशवीवरचं वाचत होते.

घरात माणसं एवढीच. जाऊबाईंचा नवरा, म्हणजे अण्णांचा थोरला, जहाजावर असतो आणि पाहुण्यासारखा येतो. फ्रीजपाशी जाऊ शकणारे तिघे. एरवी बाहेरचं कुणी घरात येत नाही.

ताईने एकेकाला गाठलं. धाकटीच्या नवऱ्याला गाठलं ते गच्चीवर, कपडे काढताना.

"ही नव्या कारखान्यात गेली तर राहाणार तिकडेच. तुमचं काय?"

"माझं काय म्हणजे?" त्याने चिमटा तोंडातून काढला. "ताई, तुम्ही मला विचारताय की माझी चौकशी करताय?"

"दोन्ही."

"मग दोन्हीला एकच उत्तर. तिकडच्या ऑफिसात बदली मागितली आहे. तिला अजून सांगितलं नाही. चाचणी पास झाली की सांगणार होतो." तो चादर घडी घालत राहिला. घडी काही नीट बसेना. "आता पास कसली होतेय. परवा तिच्या नाकाखाली अत्तराची कुपी धरली तर म्हणाली, पाणी आहे का?"

खरं बोलणाऱ्या माणसाचा एक कंटाळा असतो, तो त्याच्या आवाजात होता. पण कंटाळ्यावर विश्वास ठेवून ताईने नोकरी केली नव्हती.

"औषध पहिल्यापासून त्याच दुकानातून आणता?"

"नाही. घरी घ्यायला लागल्यावर कोपऱ्यावरच्या नव्या केमिस्टकडून. दवाखान्याने तेच सांगितलं."

मग जाऊबाई. फ्रीज त्यांचा, कप्पे त्यांचे, किल्ल्या त्यांच्या कमरेला. ताईने नव्या फ्रीजचं कौतुक केलं तशा त्या फुलल्या. "जुना गळत होता. हा मी मागे लागून घेववला. याच सुमाराला, तिचं इंजेक्शन घरी यायला लागलं तेव्हा." धाकटीच्या नव्या नोकरीचा विषय निघाला तसं त्यांनी नाक मुरडलं. "जाऊ दे की. मोठ्या झाल्यात आता त्या."

अण्णा खालच्या मजल्यावरच्या खोलीत लोखंडी ट्रंकेवर बसून मोजे चढवत होते. गुडघे धरल्यापासून ते जिने चढत नसत, म्हणून याच सुमाराला वरची खोली सोडून स्वयंपाकघराच्याच मजल्यावरच्या या खोलीत आले होते. खोलीत ऊन कधी यायचं नाही.

"अण्णा, हिच्या औषधाबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

म्हाताऱ्याने मोजा अर्धवट ठेवून तिच्याकडे पाहिलं. "मला? मला कुणी विचारत नाही हो. मी एकदा मिठाच्या पाण्याची वाफ सुचवली तर चिरंजीव म्हणाले, अण्णा, तिच्या औषधात नाक खुपसू नका. तेव्हापासून मी ब्र काढत नाही." ते हसले. "पण पोर बरी झाली पाहिजे बघा. तो टॉवेल घेऊन नाचली ना, त्या दिवशी मला माझी बायको आठवली."

तीन माणसं आणि तीन बदल, सगळे एकाच सुमाराचे. नवं दुकान, नवा फ्रीज, नवी खोली. ताईने फ्रीजवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. मधले दिवस डबा रिकामाच राहिला. शुक्रवारी सकाळी ती आंघोळीला गेली, तेवढीच काय ती नजर हलली. ओल्या केसांनी येऊन तिने झाकण उचललं.

खोकं जागेवर होतं.

३

चोरी झाली आणि चोराने माल आणून परत ठेवला! ताईच्या साऱ्या नोकरीत असा चोर भेटला नव्हता. जळालेलं कापड पुन्हा ताग्यावर गुंडाळून ठेवणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

तिने खोकं हातात घेतलं. शेजारची पाण्याची बाटली गारठलेली, लोणी दगडासारखं. खोकं मात्र जराही गारठलं नव्हतं. म्हणजे नुकतंच, ती आंघोळ करत होती तेवढ्यात, ठेवलेलं. तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात कोण आलं होतं? धाकटीने खोलीतूनच सांगितलं. नवरा बाटल्या भरायला, जाऊबाई चहाला, अण्णा गुळण्यांच्या गरम पाण्याला. तिघेही! नशीबच असं असेल तर माणसाने काय करावं.

खोक्याचं सील शाबूत होतं. खोक्याच्या फटीत तपकिरी लोकरीचा एक धागा अडकला होता. ताईने खोकं नाकाशी नेलं. डांबरगोळीचा वास, चांगला मुरलेला.

"हुंग," ती बहिणीला म्हणाली.

धाकटीने हुंगलं. तिचा चेहरा कोराच राहिला. "कशाचा आहे?"

ताईला भडभडून आलं. या घरात चोर पकडायला एकच नाक पुरेसं होतं आणि चोराने नेमकं तेच बंद करून ठेवलं होतं. पहिल्याच महिन्यात या पोरीने 'माझ्या औषधाला डांबरगोळीचा वास का?' असं विचारलं असतं आणि सगळं तिथेच थांबलं असतं. पण तेव्हा तिला सर्दी झाली होती. आणि पुढच्या महिन्यापासून ती सर्दी गेलीच नाही.

ताईने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "हे इंजेक्शन बाहेर राहिलं तर?"

"थोडे दिवस चालतं. आठवडेच्या आठवडे राहिलं तर प्रथिन बिघडतं. ना धड औषध, ना धड पाणी. गोठलं तरी तसंच. का हो?"

"सहज," ताई म्हणाली. "आणि एखादं इंजेक्शन बिघडलेलं असेल तर बदलून?"

"या तपासणीआधी नाही मिळणार. हे या फेरीतलं शेवटचं."

फोन ठेवून तिने खोकं उलटसुलट करून पाहिलं. एका बाजूला कंपनीचं नाव आणि बॅचचा क्रमांक. दुसऱ्या बाजूला केमिस्टने आपल्या भाषेत छापलेलं पांढरं लेबल, कंपनीच्या छापील ओळींवरच चिकटवलेलं. थंड जागी ठेवावे. फ्रीज करू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे. सगळीकडे असतं तेच. तिने पर्स उचलली आणि कोपऱ्यावर गेली.

केमिस्टने बॅचचा क्रमांक संगणकावर ताडून पाहिला. "माल अस्सल आहे, ताई. आमच्याकडे काम चोख असतं. गिऱ्हाइकाला इंग्रजी समजत नाही, खोकी कुठेही ठेवतात, म्हणून मी स्वतः लेबलं छापून घेतली आहेत. कुणी करतं का एवढं?"

"नाही करत," ताईने मान्य केलं.

माल अस्सल, सील शाबूत. म्हणजे बदलाबदल नाही. मग कुणीतरी महिनाभर खोकं पळवून उबेत ठेवत होतं आणि ऐन वेळी जागेवर आणत होतं, की दोष औषधाला जावा. घरी परतताना ताईच्या कपाळाची शीर उडत होती. दाराशीच जाऊबाई दिसल्या. उन्हात कपडे वाळत घालत होत्या. खांद्यावर तपकिरी लोकरीची शाल होती आणि हातात डांबरगोळ्यांची पुडी.

४

"वहिनी," ताई म्हणाली, "खोकं कुठे ठेवत होता?"

एवढं सरळ विचारायचं नव्हतं. राग माणसाचा धंदा बसवतो.

जाऊबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या लालबुंद झाल्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. कमरेचा जुडगा काढून त्यांनी ताईच्या पायाशी फेकला.

"घ्या! सगळी कपाटं उघडा. अंथरुणं उलटी करा. माझ्या जावेचं औषध मी चोरते म्हणे! का चोरेन?"

"ती जाऊ नये म्हणून."

जाऊबाई पायरीवर बसल्या. आवाज एकदम खाली आला.

"ती जाऊ नये असं वाटतं, हे खरं आहे. माझा माणूस समुद्रावर. हीही गेली की या घरात मी बोलू कुणाशी? अण्णांशी? ते मिठाची पिशवी वाचतात. पण म्हणून तिचं नाक बंद करीन? रात्र रात्र तिला उशा लावून बसवलंय मी, श्वास घेता येत नव्हता तेव्हा. तुम्ही कुठे होता?"

ताईने जुडगा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"शाल?"

"एकाच लोकरीचं विणलंय सगळ्यांना. भाऊजींना मफलर, अण्णांना स्वेटर, हिला टोपी. आणि डांबरगोळ्या विचाराल तर त्याही मीच वाटते घरभर. काय करायचंय ते करा."

धाकटी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती तोंडाने श्वास घेत म्हणाली, "ताई, तू जा परत. मला वास नको आणि काही नको. माझी माणसं अशी एकेक करून तोडू नकोस."

५

ताई गच्चीवर जाऊन बसली. आता सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं. चोर कोण हे सोडून दे. चोराला काय हवं होतं ते बघ.

विकायचं असतं तर खोकं परत आलं नसतं. औषध बदलायचं असतं तर सील फुटलं असतं. नासवायचंच असतं तर एवढा खटाटोप कशाला? बर्फाच्या कप्प्यात सरकवलं असतं, की एका दिवसात काम तमाम, आणि कुणाला पत्ता लागला नसता. उन्हात ठेवलं असतं. या चोराने खोकं लोकरीत गुंडाळलं होतं. कोपरासुद्धा चेपला नव्हता. घेण्याचा दिवस आला की आठवणीने परत आणत होता. असं कोण वागतं? ज्याला माल वाचवायचा असतो तो.

कुणापासून वाचवायचा होता? घरातल्या माणसांपासून नाही, नाही तर परत कशाला आणला असता. खोकं जिथून हलत होतं ती जागा एकच. फ्रीज. कुणीतरी हे औषध फ्रीजपासून वाचवत होतं.

ताईने खोकं पुन्हा पुढे धरलं आणि लेबल वाचलं. आतापर्यंत तिने ते वाचलं होतं ते केमिस्टच्या डोक्याने. आता तिने ते नुसतं वाचलं, जसं छापलंय तसं, आपल्या घरात आपण ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत.

थंड जागी ठेवावे. फ्रीज करू नये.

केमिस्टला म्हणायचं होतं, गोठवू नये. पण आपल्याकडे फ्रीज म्हणजे स्वयंपाकघरातलं ते पांढरं कपाट. 'फ्रीजमध्ये ठेवा' असं इंग्रजीत छापलेली ओळ या शहाण्याने आपल्याच लेबलाखाली झाकून टाकली होती. आणि छापलेलं अक्षर न् अक्षर वाचणारा, वाचलेलं प्रमाण मानणारा या घरात एकच माणूस होता. त्याला सक्त ताकीद होती की तिच्या औषधात नाक खुपसायचं नाही.

ताई कपाळाला हात लावून बसली. तिला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला कुणी समोर नव्हतं.

ती खाली गेली. धाकटी चार पावलं मागे राहून निघाली, आता आणखी कुणाला तोडणार म्हणून. अण्णा ट्रंकेवर बसले होते.

"अण्णा," ताई हळूच म्हणाली, "या घरातली सगळ्यात थंड जागा कुठली हो?"

म्हाताऱ्याने आधी दाराकडे पाहिलं, चिरंजीव नाहीत ना म्हणून. मग त्याचा चेहरा उजळला. असा आनंद ताईने आरोपीच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"ओळखलंत! मला वाटलंच होतं, तुम्ही ओळखणार. तुम्ही वाचणाऱ्यांतल्या." ते गुडघ्यावर हात दाबत उठले, ट्रंकेचं झाकण वर केलं. गार हवेचा आणि डांबरगोळ्यांचा भपकारा आला. आत तपकिरी स्वेटरची व्यवस्थित घडी होती, मधोमध खोक्याएवढा खळगा पडलेला. "हात लावून बघा. बारा महिने लोखंड गार. या खोलीला ऊन नाही. अहो, खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, फ्रीज करू नये, आणि घरात इतकी शिकलेली माणसं, एकाने वाचू नये? पोरीला विष झालं असतं म्हणजे? मी बोललो असतो तर हे माझ्यावरच ओरडले असते. म्हणून गुपचूप. खोकं आलं की रात्रीतून इकडे, आणि इंजेक्शनच्या आदल्या दिवशी तिकडे. एकदाही चुकलो नाही." त्यांनी ताईकडे लहान मुलासारखं बघितलं. "कुणाला सांगू नका. पण निदान एका माणसाला कळलं, बरं वाटलं."

ताईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. जन्मभर तिने तेच केलं होतं. पुरावा समोर ठेवायचा आणि वाक्य पुरं करायचं. तिने तोंड उघडलं.

अण्णांच्या पाठीमागे, दारात, धाकटी उभी होती. डोळे भरलेले. ती मान हलवत होती. नाही, नाही, नाही.

"छान केलंत, अण्णा," ताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

शनिवारी धाकटीने इंजेक्शन घेतलं नाही. खोकं दवाखान्यात न्यायचंय, एवढंच अण्णांना सांगितलं. नवऱ्याला आणि जाऊबाईंना बंद दाराआड खरं सांगितलं. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मीच म्हणालो होतो, नाक खुपसू नका," एवढंच म्हणाला. ताईने जाऊबाईंचे हात धरून माफी मागितली. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण आता खापर फोडायलाही कुणी नाही हो." सोमवारपर्यंत अण्णांना सोडून सगळ्या घराला सगळं माहीत झालं होतं.

६

डॉक्टरीणबाईंनी नाकात बारीक कॅमेरा सरकवला. पडद्यावर द्राक्षांचे घड दिसले, चांगले तुकतुकीत. मग त्यांनी वासाच्या कुप्या दिल्या. धाकटीने प्रत्येक कुपी मन लावून हुंगली आणि प्रत्येक वेळी मान हलवली. ही बाई एके काळी डोळे मिटून साबणाची बॅच ओळखायची.

ताईने सगळं सांगितलं, फक्त कोणी केलं ते सोडून. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. त्यांचा विश्वास बसला, हे दिसत होतं. पण त्यांच्या विश्वासाला कोण विचारतो.

"माझ्यापुढे दोनच कारणं आहेत," त्या म्हणाल्या. "'औषध लागू पडलं नाही' असं लिहिलं तर हे औषध कायमचं बंद. 'घरी नीट ठेवलं नाही' असं लिहिलं तर सध्या बंद. नवा अर्ज, रांगेच्या शेवटी, आणि पुढे कधी मिळालंच तर घरी देणार नाहीत. तोपर्यंत बहुतेक चौथं ऑपरेशन करावं लागेल."

"यात तिची काय चूक?" ताईचा आवाज चढला. "लेबल त्यांनी चुकीचं लावलं. तिला शिक्षा का?"

"योजना माणसं बघत नाही. माल कसा ठेवला ते बघते."

हे वाक्य ताईला पाठ होतं. किती दुकानदारांना तिने ते याच सुरात ऐकवलं होतं आणि त्यावर कुणालाही काही बोलता आलं नव्हतं. आज तिलाही आलं नाही. लेबलाविरुद्ध तक्रार करता आली असती. पण तक्रारीच्या चौकशीत पहिला प्रश्न हाच आला असता की घरात ते वाचून कुणी काय केलं.

"कोणी ठेवलं होतं बाहेर? मला नोंदवावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी," धाकटी लगेच म्हणाली. "वाचण्यात माझी चूक झाली."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईने आयुष्यात पहिल्यांदा एका खोट्या जबाबावर मान डोलावली.

बाहेर आल्यावर धाकटीने कारखान्यात फोन करून चाचणीतून नाव काढून घेतलं. दोन वाक्यांचं काम होतं. दोन्ही ती न रडता बोलली. नवरा गाडीत स्टिअरिंग धरून बसला होता आणि गाडी सुरू करत नव्हता.

घरी अण्णा उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. कुणी काही बोलायच्या आधीच त्यांनी चेहरे वाचले. तेही छापल्यासारखे स्पष्ट होते.

"बंद केलं?"

"हो अण्णा."

ते उठले. गुडघा दुखला तसं तोंड वाकडं झालं, तरी उठले आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे, पोरी. मन लावून घेऊ नकोस. तू काय कमी केलंस? आपल्याकडून कसूर झाली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. औषधच खोटं निघालं, त्याला आपण काय करणार?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. "दुसरं मिळेल. आणि या खेपेला मी चिरंजीवांना स्पष्ट सांगणार आहे, रागावले तर रागावू देत. तुझं औषध यापुढे मी सांभाळणार."

जाऊबाई तोंडावर पदर घेऊन आत गेल्या. नवऱ्याने गाडीची किल्ली खिशात घातली, काढली, पुन्हा घातली. ताई उंबऱ्यातच उभी राहिली. सगळा उलगडा तिच्यापाशी होता आणि त्यातला एक शब्दही कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

"हो अण्णा," धाकटी म्हणाली. "तुमच्याकडेच देईन."